लो हॅझर्ड

मागच्या पावसाळ्यात आमच्या टीमची ट्रिप निघाली होती. नेहमीप्रमाणे शंभर मेल, तीन पोल आणि शेवटी मॅनेजरला आवडलेलं ठिकाण. मावळात आत कुठेतरी एक ॲग्रो-रिसॉर्ट. पिठलं-भाकरी, झोके, बैलगाडी, आणि ब्रोशरमध्ये ठळक अक्षरांत 'आमचा स्वतःचा लेक'. हा लेक म्हणजे ओढ्यावर घातलेला मातीचा बंधारा आणि त्यामागे साठलेलं पाणी. दोन पॅडल बोटी, चार बदकं. आमच्यातल्या एकाने जेवताना सहज विचारलं, "हे फुटलं तर?" सगळे हसले. रिसॉर्टचा मॅनेजरही हसला आणि म्हणाला, "सर, एवढंसं तर पाणी आहे. कुणाला काय होणार?"

हा प्रश्न डोक्यात अडकून बसला. कुणाला काय होणार, हे ठरवायचं कोणी? आणि कसं? शनिवारी-रविवारी वाचत सुटलो, आणि वाचता वाचता पॅसिफिकमधल्या एका बेटावर जाऊन पोचलो. त्याचीच ही गोष्ट.

हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं एक बेट आहे. जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांमध्ये ज्याचं नाव घेतात तो वायआलेआले डोंगर याच बेटावर. एकोणिसाव्या शतकात इथे उसाचे मळे आले, मळ्यांबरोबर पाणी अडवणं आलं, आणि १८९० मध्ये किलाउएआ इथल्या साखर कंपनीने का लोको नावाचं मातीचं धरण बांधलं. उंची साधारण ४० फूट. आपल्या हिशेबात चार मजली इमारत. पाणी भरलं की दीडशे कोटी लिटरच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण खडकवासल्याच्या साठ्याच्या तिसाव्या भागाहूनही तो कमी आहे. थोडक्यात काय, तर छोटं धरण.

१९७१ साली साखर कंपनी बंद झाली. ऊस गेला, धरण राहिलं. आमच्या धंद्यात याला 'लेगसी सिस्टम' म्हणतात. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला, ज्या कामासाठी लिहिलं ते कामही संपलं, पण सर्व्हर मात्र चालूच आहे. १९८७ मध्ये ही जमीन जेम्स फ्लूगर या होनोलुलूतल्या मोटारविक्रेत्याने घेतली. जलाशयाचा काही भाग दुसऱ्या एका कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर होता, पण धरणाचा भराव बहुतांशी फ्लूगरच्या जमिनीत. योगायोग असा, की त्याच १९८७ साली हवाई राज्याने धरण सुरक्षा कायदा केला. त्यानुसार राज्यातल्या धरणांवर लक्ष ठेवायची जबाबदारी राज्याच्या जमीन आणि नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे आली. का लोको धरणाची नोंद यादीत होती. त्याच्यापुढे शिक्का होता, 'लो हॅझर्ड'.

२००६ च्या फेब्रुवारीपासून काउआईवर जवळजवळ चाळीस दिवस पाऊस पडत होता. १४ मार्चच्या पहाटे, लोक झोपेत असताना, का लोको फुटलं. पाणी वायलापा ओढ्याने खाली आलं. वाटेत मोरिता नावाचं अजून एक छोटं धरण आहे, त्याच्यावरून पाणी गेलं, पण ते टिकलं. खाली ओढ्याकाठी घरं होती. सात माणसं गेली. त्यात एक स्त्री गरोदर होती. सातांपैकी फक्त तिघांचे मृतदेह सापडले.

लो हॅझर्ड.

मी हे वाचलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती, की शिक्का मारणाऱ्याने धरण नीट पाहिलंच नसणार. भेगा असतील, गळती असेल, दुर्लक्ष झालं असेल. पण मंडळी, गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) अशी आहे, की या शिक्क्याचा धरण मजबूत आहे की कच्चं याच्याशी काहीही संबंध नसतो.

ज्यांनी कधी बग ट्रॅकरमध्ये डोकं घातलंय त्यांना हे पटकन समजेल. बग नोंदवताना दोन गोष्टी विचारतात. एक, हा किती वेळा येईल. दुसरी, आला तर किती नुकसान करेल. वर्षातून एकदाच येणारा पण आला की सगळ्या खातेदारांची शिल्लक शून्य करणारा बग 'क्वचित येतो' म्हणून कुणी बाजूला ठेवत नाही. धरणांचं 'हॅझर्ड' हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. समजा हे धरण आत्ता फुटलं, तर खाली काय होईल? एक जरी माणूस मरायची शक्यता असेल तर 'हाय'. माणूस मरणार नाही, पण रस्ते, वीज, पिकं, पर्यावरण यांचं चांगलंच नुकसान होईल, तर मधला वर्ग, 'सिग्निफिकंट'. आणि मालकाच्या स्वतःच्या जमिनीपलीकडे फारसं काही बिघडणार नाही, तर 'लो'. अमेरिकेत आज ढोबळमानाने असे तीन वर्ग चालतात. नुकतंच बांधलेलं, अगदी ठणठणीत धरण 'हाय हॅझर्ड' असू शकतं आणि फुटायला टेकलेलं 'लो'. म्हणजे धरणाचा वर्ग बघायचा तर धरणाकडे पाठ करून खाली बघायचं.

आणि इथेच पहिली मेख आहे. धरण जागेवर असतं, खालचं जग हलत असतं. धरण बांधलं तेव्हा खाली ऊस होता. ऊस गेला, जमिनीचे तुकडे पडले, समुद्राजवळची हवेशीर जागा म्हणून लोक येऊन राहिले. धरणाचं एक ढेकूळही हललेलं नाही आणि तरी ते 'लो' चं 'हाय' झालेलं असतं. धरणवाले इंजिनियर याला 'हॅझर्ड क्रीप' म्हणतात. दबक्या पावलांनी वाढणारा धोका. यादीतला शिक्का मात्र कुणी जाऊन बदलल्याशिवाय बदलत नाही.

पण ही यादी, हे वर्ग, हे सगळं आलं कुठून? त्यासाठी थोडं मागे जायला हवं. आणि मागे गेलं की पहिली भेट होते ती पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनशी.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, पण तिच्यातला मालकीचा भाग मला फार रंजक वाटला. साउथ फोर्क धरण मुळात सरकारी. कालव्याला पाणी पुरवायला राज्याने बांधलं, १८५३ च्या सुमारास पुरं झालं. तेवढ्यात रेल्वे आली आणि कालव्याची गरजच संपली. सरकारने ते १८५७ मध्ये रेल्वे कंपनीला विकलं. १८६२ मध्ये ते थोडं फुटलं, पण पाणी कमी होतं म्हणून निभावलं. १८७५ मध्ये जॉन रायली नावाच्या गृहस्थाने विकत घेतलं. त्याने काय केलं, तर धरणाच्या तळाशी पाणी सोडायला बसवलेले बिडाचे पाइप काढले आणि भंगारात विकले. मग १८७९ मध्ये बेंजामिन रफने ते घेतलं आणि पिट्सबर्गच्या श्रीमंतांसाठी मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढला. सभासदांची यादी वाचली तर डोळे फिरतात: कार्नेगी, फ्रिक, मेलन. क्लबने पाइप परत बसवले नाहीत. वरून बग्गी जावी म्हणून धरणाचा माथा थोडा खाली आणून रुंद केला. आणि तळ्यात सोडलेले महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या.

सांडवा म्हणजे काय हे सांगतो, कारण पुढे तोच हिरो आहे. मातीच्या धरणावरून पाणी कधीही वाहू द्यायचं नसतं. काँक्रीटचं किंवा दगडाचं धरण वरून पाणी गेलं तरी बराच वेळ तग धरू शकतं. मातीचं धरण नाही. पाणी माथ्यावरून ओसंडलं की पलीकडच्या उतारावरची माती धुवून न्यायला लागतं, घळ पडते, घळ मागे मागे सरकते आणि बघता बघता आख्खा भराव निघून जातो. म्हणून धरणाच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर, एका बाजूला, जास्तीचं पाणी निघून जायला मोकळी वाट ठेवतात. तो सांडवा. वर्षातले साडेतीनशे दिवस ती जागा कोरडी, रिकामी, उगाच फुकट गेल्यासारखी दिसते. त्यामुळे कुणाच्याही मनात येतं, की इथे काहीतरी करू या.

जॉन्सटाउनमधल्या लोखंडाच्या कारखान्याचा प्रमुख डॅनियल मॉरेल याला शंका आली होती. त्याने १८८० मध्ये जॉन फुल्टन या आपल्या माणसाला धरण बघायला पाठवलं. फुल्टनने स्वच्छ लिहिलं, की पाणी खाली करायला एकही पाइप नाही आणि धरणाला गळती आहे. मॉरेलने दुरुस्तीच्या खर्चातला वाटा उचलायचीही तयारी दाखवली. रफने उत्तर पाठवलं, की आमच्या धरणापासून तुम्हाला काहीही धोका नाही. संपला विषय. खाजगी मालमत्ता. मालक म्हणतो धोका नाही, म्हणजे नाही. त्याला विचारू शकेल असं तिसरं कुणी तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

३१ मे १८८९ च्या दुपारी, प्रचंड पावसानंतर, धरण फुटलं. क्लबचा इंजिनियर जॉन पार्क, वयाची पंचविशीही न गाठलेला पोरगा, सकाळपासून मजुरांबरोबर धडपडत होता. सांडव्यात अडकलेला कचरा काढ, माथ्यावर माती टाक, घोड्यावर बसून खालच्या गावात इशारा द्यायला जा. (ऑनकॉलवर रात्र काढलेल्या कुणालाही हा माणूस आपला वाटेल.) तासाभरात पाणी सुमारे २२ किलोमीटर खाली जॉन्सटाउनमध्ये पोचलं. २,२०९ माणसं मेली.

क्लबकडून कोर्टात कुणालाही एक छदाम मिळाला नाही. ही देवाची करणी, असं ठरलं.

इथे कायद्याचा एक धागा सांगायचा मोह आवरत नाही. इंग्लंडमध्ये लँकाशायर परगण्यात जॉन रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने गिरणीसाठी तळं बांधलं होतं. १८६० च्या डिसेंबरमध्ये तळ्याच्या तळाशी बुजलेल्या जुन्या खाणीच्या विहिरींतून ते पाणी शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत घुसलं. रायलंड्सची स्वतःची काही चूक नव्हती, काम कंत्राटदाराने केलं होतं. तरीही १८६८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं, की आपल्या जमिनीवर निसटलं तर घात करेल असं काही आणून साठवलंत, तर ते निसटल्यावर होणारं नुकसान तुमच्या माथी. चूक असो वा नसो. म्हणजे जगभरच्या लॉ कॉलेजात शिकवलं जाणारं हे तत्त्व एका छोट्या खाजगी तळ्यातून निघालेलं आहे!

आणि याच तत्त्वाची पहिल्या काही वर्षांतच आपल्याकडे परीक्षा झाली. मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटीनगरचा जमीनदार. (हे गाव आता आंध्र प्रदेशात.) जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचं नुकसान झालं. रेल्वेने रायलंड्सचा निकाल पुढे केला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो मानला नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की हे तलाव जमीनदाराच्या हौसेचे नाहीत, पिढ्यानपिढ्या इथली शेती त्यांच्यावर उभी आहे, ते राखणं हे त्याचं कर्तव्यच आहे. त्यामुळे हयगय सिद्ध झाली तरच तो जबाबदार. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. गावाचं पोट ज्याच्यावर आहे तो तलाव आणि बदकं पोहायला केलेला तलाव यांना एकच माप लावायचं का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९८६ मध्ये, दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीच्या खटल्यात, धोकादायक उद्योगांसाठी रायलंड्सच्याही पुढे पाऊल टाकलं आणि त्यातले अपवाद काढून टाकले. असो, हा धागा इथेच सोडतो, नाहीतर वेगळा लेख होईल.

मुद्दा असा, की कोर्ट नुकसान झाल्यावर येतं. आधी कोण येणार?

अमेरिकेत याचं उत्तर फार उशिरा आलं. १९७२ च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळशाच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि १२५ माणसं गेली. खाजगी कंपनीचा बांध. कंपनीने पुन्हा देवाकडेच बोट दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय धरण तपासणी कायदा केला. कुठलं धरण मोजायचं याची व्याख्याही आली: उंची २५ फूट किंवा त्याहून जास्त, किंवा साठा ५० एकर-फूट किंवा त्याहून जास्त. अगदी बारकी धरणं वगळली. देशभरची यादी तयार झाली. पण तपासणीला पैसे? ते कुणी दिले नाहीत. पुढची पाच वर्षं कायदा होता, यादी होती आणि तपासणी नव्हती. हे वाचून मला आमच्या कंपनीतलं एक ऑडिट आठवलं, पण जाऊ दे.

६ नोव्हेंबर १९७७. जॉर्जिया राज्यातलं टोकोआ गाव. तिथल्या एका छोट्या बायबल कॉलेजच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. सुरुवातीला १८९९ मध्ये विजेसाठी घातलेला लाकूड-दगडांचा बांध. मग त्याच्यावरच माती टाकून कॉलेजने तो वाढवत नेला. १९५७ नंतर वीजही बंद झाली आणि राहिलं फक्त तळं. उंची ३८ फूट, लांबी ४०० फूट. पहाटे दीडच्या सुमाराला ते फुटलं. खाली कॉलेजचाच परिसर. ३९ माणसं मेली, त्यात २० मुलं.

अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः जॉर्जियाचे. पत्नी रोझलिन त्याच दिवशी तिथे जाऊन आल्या. कार्टरांनी लष्कराच्या इंजिनियर दलाला आदेश दिला, की केंद्र सरकारची नसलेली 'हाय हॅझर्ड' धरणं तपासा. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं तपासून झाली. त्यातली एक तृतीयांश असुरक्षित निघाली. तीनातलं एक. लक्षात घ्या, ही फक्त ज्यांच्याखाली माणसं राहतात अशी धरणं होती.

आता या सगळ्यात काय राहून गेलं ते बघा. तपासायला माणसं आणि पैसे मोजकेच, म्हणून 'हाय' आधी घ्यायची. बरोबरच आहे, आपणही तेच करतो. 'लो' वाल्यांची पाळी क्वचित येणार. त्यांचा सांडवाही लहान पुरासाठी बांधला तर चालतो. पण मग 'लो' हा शिक्का नुसता वर्णन करत नाही. तो ठरवतो, की या धरणाकडे कुणी बघणार नाही. आणि कुणी बघणार नाही म्हणजे खाली घरं झालेलीही कुणाला दिसणार नाहीत, म्हणजे शिक्का बदलणार नाही, म्हणजे पुन्हा कुणी बघणार नाही. इन्फिनिट लूप. अमेरिकेच्या यादीत आज ९० हजारांवर धरणं आहेत आणि निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची. कुणाच्या शेतात, कुणाच्या गोल्फ कोर्सवर, कुणाच्या सोसायटीत.

का लोको फुटल्यावर राज्याने रॉबर्ट गॉडबी या वकिलाला स्वतंत्र चौकशीसाठी नेमलं. जानेवारी २००७ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका ओळीत सांगण्यासारखी आहे. धरणाला सांडवा नव्हता. जुन्या काळी होता असे पुरावे होते, आणि अहवालाच्या मते तो बहुधा जमिनीच्या सपाटीकरणात बुजवला गेला. विनापरवाना सपाटीकरण चाललंय म्हणून १९९७ मध्ये स्थानिक प्रशासनाने काम थांबवायचा आदेशही दिला होता. त्याचा पाठपुरावा झाला नाही. राज्याच्या खात्याने का लोकोची एकदाही तपासणी केलेली नव्हती. एकदाही. म्हणजे १९८७ ते २००६ या एकोणीस वर्षांत एक माणूस जाऊन धरणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला असता, तरी त्याने परत येऊन विचारलं असतं, "सांडवा कुठाय?" याला पीएचडी लागत नाही.

सांडवा आपण बुजवल्याचं फ्लूगरने नाकारलं. २००८ मध्ये त्याच्यावर मनुष्यवधाचे सात आरोप ठेवले गेले. भरपाईचे दावे २००९ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलरवर मिटले, आणि त्यात राज्य आणि स्थानिक प्रशासनही देणेकरी होते. २०१३ मध्ये तडजोड झाली. मनुष्यवधाचे सातही गुन्हे त्याच्या कंपनीच्या नावावर गेले आणि त्याच्यावर राहिला तो फक्त बेपर्वाईने जीव धोक्यात घातल्याचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिक्षा सुनावली, सात महिने तुरुंग. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. २०१७ मध्ये वारला.

सात माणसं, सात महिने. यावर रागावून लिहिणं सोपं आहे आणि मी लिहिलंही होतं, पण मग तो परिच्छेद खोडला. कारण फ्लूगरला बाजूला ठेवलं तरी एक अवघड प्रश्न उरतो. समजा मी एक साधा शेतकरी आहे. आजोबांनी बांधलेलं तळं माझ्या वाट्याला आलं. खाली रानच होतं. मग कुणीतरी बिल्डरने खाली प्लॉट पाडले, बंगले झाले. एक दिवस सरकारचं पत्र येतं, की तुमचं धरण आता 'हाय हॅझर्ड' आहे, मोठा सांडवा बांधा. त्याचा खर्च माझ्या सगळ्या जमिनीच्या किमतीएवढा. मी काही केलेलं नाही, घरं दुसऱ्याने बांधली, परवानगी तिसऱ्याने दिली. अमेरिकेतल्या छोट्या धरणमालकांची ही तक्रार खरी आहे आणि मला ती पटते. तरीही माझं मत मालकाच्या विरोधातच जातं. पाणी त्याने धरून ठेवलंय. परवडत नसेल तर सोडून द्यावं, धरण काढून टाकावं. खाली झोपलेल्या माणसाला तर तो कुठल्या वर्गात मोडतो हेही कुणी सांगितलेलं नसतं.

आता आपल्याकडे. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ते सरकारी. कोकणातलं तिवरे २ जुलै २०१९ ला फुटलं, तेही सरकारी, वीसहून जास्त माणसं गेली आणि मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. (देवाच्या ऐवजी खेकडे, हीच काय ती प्रगती.) खाजगी धरणं म्हटली की आपल्याला मुळशीसारखी टाटांची मोठी धरणं आठवतात, पण त्यांच्यावर लक्ष असतं. माझ्या डोक्यात होती ती बारकी.

धरण सुरक्षा कायदा आपल्याकडे २०२१ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला लागू झाला. मालक सरकार असो, महानगरपालिका असो की कंपनी, जबाबदारी त्याची. कायदा लागू होतो तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधल्यांना लागू व्हायचा तर काही अटींपैकी एक तरी पुरी व्हावी लागते: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पूर किमान दोन हजार घनमीटर प्रति सेकंद, पायाच्या विशेष अडचणी, नाहीतर रचना नेहमीपेक्षा वेगळी. मी बसून हिशेब केला. का लोको साधारण १२ मीटर, साठा १५ लाख घनमीटर. आपल्या कायद्यात बसलं असतं. टोकोआचं केली बार्न्स साडेअकरा मीटर, लांबी सव्वाशे मीटरही नाही, साठा आठ लाख घनमीटरच्या आत. त्या जुन्या लाकूड-दगडांच्या गाभ्याला कुणी 'वेगळी रचना' म्हटलं असतं तरच. नाहीतर ३९ माणसं मारणारं धरण आपल्या व्याख्येप्रमाणे कदाचित धरणच ठरलं नसतं. आणि १० मीटरच्या खालचं तर काहीच नाही. कायदा धरणाकडे बघतो, खाली बघत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी फोनमधले ट्रिपचे फोटो काढले. एका फोटोत आमची आख्खी टीम बंधाऱ्यावर ओळीत उभी आहे, दोन बोटं वर करून वगैरे. आमच्या उजव्या हाताला, बंधाऱ्याच्या टोकाशी, सांडवा दिसतो. दोन फुटांपर्यंत वाळूच्या गोण्या रचलेल्या. त्यांच्यावर बांबूला बांधलेली हिरवी जाळी.

रिसॉर्टला फोन लावला. तोच मॅनेजर. गोण्या कशाला, विचारलं. म्हणाला, "बोटिंगला पाणी पुरत नाही सर दिवाळीनंतर." आणि जाळी? "मासे जातात ना सर ओढ्याला. कटला, रोहू सोडलेत मालकांनी." मी त्याला जॉन्सटाउन सांगायला लागलो, पण दोन वाक्यांतच लक्षात आलं की काही खरं नाही. मग विचारलं, खाली ओढ्याच्या काठाला पत्र्याच्या खोल्या दिसल्या होत्या, तिथे कोण राहतं?

"आपलाच स्टाफ, सर. किचनवाले, माळी. बायकापोरं धरून असतील पंधरा-वीस."

"जोराचा पाऊस आला की गोण्या काढता?"

थोडा वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाला, मालकांशी बोलतो.

चार दिवसांनी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. जाळी काढलेली आहे. गोण्या तशाच आहेत.